एपिक फॅन्टसी सिरीज भारी कधी होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, खाली गेम ऑफ थ्रोन्स, हाउस ऑफ द ड्रॅगन, द रिंग्ज ऑफ पॉवर, द व्हील ऑफ टाइम आणि द विचर या पाचही सिरीजचे स्पॉयलर भरभरून आहेत, त्यामुळे ज्यांना बघायच्यात त्यांनी आधी बघून घ्या. नाव न घेता नुसता सीझन-एपिसोड सांगितला असेल तर तो गेम ऑफ थ्रोन्सचा समजा. नवीन सिरीज आली की घरच्या ग्रुपवर, ऑफिसात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप चालू असताना मला हेच प्रश्न विचारले गेलेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

एपिक फॅन्टसी म्हणजे नक्की काय? ड्रॅगन असला की झालं का?

नाही. पूर्ण नवीन जग लागतं, त्याचा स्वतःचा इतिहास, नकाशा, घराणी, देव, भांडणं, आणि गोष्टीत पणाला लागलेलं काहीतरी एवढं मोठं की एका माणसाच्या निर्णयाने राज्यंच्या राज्यं हलतात. आपल्याच शहरात एखाद्या पोराला जादू येते ती पण फॅन्टसी, पण एपिक नाही. ड्रॅगन असले तर मजा येते, मला आवडतातच, पण गेम ऑफ थ्रोन्सच्या पहिल्या सीझनमध्ये जिवंत ड्रॅगन दिसतात ते शेवटच्या एपिसोडच्या अगदी शेवटच्या सीनमध्ये, म्हणजे जवळजवळ दहा तास लोकांनी ड्रॅगनशिवाय जीव मुठीत धरून बघितलं.

मग चांगली कोणती आणि नुसती चकचकीत कोणती, हे ओळखायचं कसं?

माझी एकच कसोटी आहे, किंमत. या जगात कोणी काही केलं तर त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते का? वचन मोडलं, खोटं बोललं, जादू वापरली, डोंगर ओलांडला, सैन्य घेऊन निघाले, दया दाखवली, तर पुढे त्याचं काय झालं हे सिरीज लक्षात ठेवते का? जी लक्षात ठेवते ती भारी, जी सोयीप्रमाणे विसरते तिच्यावर कितीही पैसा ओता, दोन आठवड्यांनी आपण पण तिला विसरतो. खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून इथेच येणारेत.

जादू आहे म्हटल्यावर काहीही होऊ शकतं, त्यात कसले नियम?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चांदोबा आठवायला सांगते. विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चाललाय, वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मौन मोडलं, वेताळ परत झाडावर. दोन वाक्यांचे नियम आहेत पण आपण लहानपणी अंक आल्या आल्या तेच पान आधी काढायचो, कारण राजा कुठूनही गेला तरी अडकणार हे माहीत होतं आणि तरी तो कसं उत्तर देतो हे बघायचं होतं. उद्या वेताळाने मनात आलं म्हणून नियम बदलला असता तर त्या गोष्टीत काही उरलंच नसतं.

सिरीजमध्ये पण हेच. व्हील ऑफ टाइममध्ये पुरुषांनी जादूची शक्ती वापरली की ते हळूहळू वेडे होत जातात कारण त्यांच्या वाट्याची शक्तीच नासलेली आहे, त्यामुळे त्यातला नायक रँड जेव्हा काही भव्य करतो तेव्हा आपण टाळ्या पण वाजवतो आणि पोटात गोळा पण येतो. गेम ऑफ थ्रोन्समध्ये परागंदा राजकन्या डनेरिस नवऱ्याला वाचवायला रक्ताची जादू करून घेते, नवरा श्वास घेतो पण नुसता पडून राहतो, पोटातलं बाळ जातं. तिला सांगितलेलं असतं की जिवाच्या बदल्यात जीव द्यावा लागेल, तिला वाटतं घोड्याचा. त्या सीननंतर त्या जगात जादूला हात लावणाऱ्या प्रत्येकाबद्दल आपल्याला धास्ती वाटायला लागते, आणि ती धास्ती पाच-सहा सीझन टिकते.

गेम ऑफ थ्रोन्सचं सातव्या सीझनपासून काहीतरी बिघडलं असं सगळे म्हणतात, पण नक्की काय ते कोणी नीट सांगत नाही. तुम्ही सांगा.

सगळ्यात आधी अंतरं बिघडली. पहिल्या एपिसोडमध्ये राजा रॉबर्ट राजधानीतून उत्तरेत विंटरफेलला येतो आणि आल्या आल्या त्याची राणी सर्सी वैतागून म्हणते की आम्ही महिनाभर प्रवास करतोय. हे एक वाक्य किती कामं करतं बघा, देश केवढा मोठा आहे ते कळतं, उत्तर राजधानीपासून किती तुटलेली आहे ते कळतं, आणि विंटरफेलच्या नेड स्टार्कने दक्षिणेला जायचं ठरवलं की तो सहज परत येऊ शकणार नाही हे पण मनात बसतं. त्या सीझनमध्ये पत्र पोचायच्या आत परिस्थिती बदललेली असते आणि अर्धे घोळ त्यातूनच होतात.

आता सातव्या सीझनचा सहावा एपिसोड बघा. उत्तरेच्या टोकाच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे नेडच्या घरात वाढलेला जॉन आणि मंडळी गोठलेल्या तळ्याच्या मधोमध अडकतात, त्यांच्यातला गेंड्री पळत पळत भिंतीपर्यंत जातो, तिथून निरोप घेऊन कावळा सुटतो, तो पार डनेरिसच्या किल्ल्यावर, ड्रॅगनस्टोनला पोचतो, मग डनेरिस ड्रॅगनवर बसून एवढं अंतर कापून नेमकी वेळेवर हजर, आणि तोपर्यंत ही माणसं तिथेच उभी. दिग्दर्शक ॲलन टेलरनेही नंतर मुलाखतीत मान्य केलं की वेळेचं गणित जरा धूसर ठेवलं होतं. दिसायला सीन अप्रतिम आहे, ड्रॅगन बर्फात कोसळतो तेव्हा मी खरंच तोंडावर हात घेतला होता, पण त्या दिवसापासून मला नकाशाची भीती वाटेनाशी झाली आणि नकाशाची भीती गेली की कोण कुठे अडकलंय याने फरकच पडत नाही.

मुख्य पात्रांना मारून टाकलं की सिरीज ग्रेट होते का?

असा समज झाला खरा, आणि त्यापायी बऱ्याच सिरीजनी पात्रं उगाच मारली. नेड स्टार्कचं बघा, शॉन बीन म्हणजे त्या वेळी सिरीजमधला सगळ्यात ओळखीचा चेहरा, पोस्टरवर सिंहासनावर तोच बसलेला, आणि जून २०११ मध्ये नवव्या एपिसोडला त्याचं डोकं उडवलं. लोक हादरले ते अनपेक्षित होतं म्हणून, पण परत पहिल्यापासून बघितलं की कळतं ते किती सरळ रेषेत आलंय, तो स्वतः बागेत जाऊन सर्सीला सांगतो की मला तुझं गुपित कळलंय, तुझी पोरं राजाची नाहीत, राजा परत यायच्या आत पोरांना घेऊन निघून जा. पोरांची दया आली म्हणून सांगतो, आणि त्या दयेची किंमत त्याने मोजली.

तिसऱ्या सीझनमधलं लग्न तर त्याहून पक्कं रचलेलं आहे. नेडचा मुलगा रॉब, त्याने सरदार फ्रेच्या मुलीशी लग्नाचं वचन देऊन पूल ओलांडलेला असतो, नंतर प्रेमात पडून दुसरीशीच लग्न करतो, आणि म्हातारा वॉल्डर फ्रे ते गिळल्यासारखं दाखवतो. मग तो हॉल, जेवणं झालेली, दार बंद होतं, वरच्या सज्जात वाजंत्री एकदम लॅनिस्टरांची, म्हणजे शत्रूच्या, सर्सीच्या माहेरच्या घराण्याची धून धरतात, रॉबच्या आईचा, कॅटलिनचा चेहरा बदलतो, ती शेजारी बसलेल्या त्यांच्याच सरदाराची, रूझ बोल्टनची बाही वर करते आणि खाली चिलखत दिसतं. लग्नात चिलखत. तोपर्यंत एकही तलवार बाहेर निघालेली नाही पण आपल्याला सगळं समजलेलं असतं, ती बाही वर होते त्या सेकंदाला मला आजही धस्स होतं आणि मी तो एपिसोड निदान पाच वेळा बघितलाय.

तर मरणाने नाही, मरणामागच्या कारणाने वजन येतं. याच सिरीजमध्ये पुढे पुढे लोक अशक्य संकटातून सुखरूप बाहेर यायला लागले तेव्हा तेच वजन उतरत गेलं.

बजेट किती महत्त्वाचं?

लागतंच, पण वाटतं तेवढं नाही. गेम ऑफ थ्रोन्सच्या पहिल्या सीझनचा खर्च तेव्हाच्या बातम्यांनुसार साधारण ५ ते ६ कोटी डॉलर, दहा एपिसोडसाठी. रिंग्ज ऑफ पॉवरचा पहिला सीझन, आठ एपिसोड, साधारण ४६ कोटी डॉलर, वर हक्कांसाठी सुमारे २५ कोटी मोजल्याच्या बातम्या होत्या ते वेगळेच. आता दोन्ही बघितलेल्या दहा जणांना विचारा कोणता पहिला सीझन जास्त आठवतो.

पैसे कमी असले की डोकं चालवावं लागतं. गेम ऑफ थ्रोन्सच्या पहिल्या सीझनमध्ये सर्सीचा ठेंगणा भाऊ टिरियन लढाईला निघतो, जंगली टोळ्यांसमोर जोरात भाषण ठोकतो, सगळे धावत सुटतात आणि त्याच्याच माणसाचा हातोडा लागून तो बेशुद्ध पडतो, डोळे उघडतो तेव्हा लढाई संपलेली. पुस्तकात तो ती लढाई खरंच लढतो, इथे दाखवायला पैसे नव्हते. पण बघताना आपल्याला ते टिरियनच्या नशिबाला शोभणारंच वाटतं. भिंतीवरच्या पहारेकऱ्यांचे ते जड केसाळ झगे आठवतात ना, त्यातले काही चक्क आयकियाच्या गालिच्यांचे होते, कॉस्च्युम डिझायनर मिशेल क्लॅप्टननेच सांगितलंय, कापले, शिवले, घासून मळवले, आणि पडद्यावर वाटतं की या माणसाने हा झगा दहा वर्षं अंगावरून उतरवलेला नाही. नवीन फॅन्टसी सिरीजमध्ये मला सगळ्यात खटकतं ते हेच, गावातला गरीब शेतकरी आणि त्याचा शर्ट कालच इस्त्री करून आणल्यासारखा.

अहो पण यात नुसतं बोलतच बसतात, मला बोअर होतं.

समजू शकते, माझे बाबा पण तिसऱ्या एपिसोडला उठून गेले होते. पण एक सीन दाखवते, मग ठरवा. पहिल्या सीझनचा सातवा एपिसोड, सर्सीचा बाप टायविन लॅनिस्टर पहिल्यांदा दिसतो. तंबू, समोर टेबलावर मेलेलं सांबर, आणि तो हातात सुरी घेऊन त्याचं कातडं सोलतोय. एवढा श्रीमंत सरदार, बाहेर हजारो सैनिक, पण हे काम तो स्वतः करतोय. समोर मुलगा जेमी, राज्यातला नावाजलेला तलवारबाज, आणि बाप त्याला घराण्याचं नाव म्हणजे काय ते ऐकवतोय, आवाज एकदाही चढत नाही, सुरी मात्र थांबत नाही. चार्ल्स डान्सच्या हातातलं ते जनावर खरं होतं. आणि सांबर हे राजा रॉबर्टच्या घराण्याचं चिन्ह आहे हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो, म्हणजे लेखकाने पुढची अख्खी लढाई एका टेबलावर मांडून ठेवलीय. लढाई न दाखवता.

किंवा पाचव्या एपिसोडमधला रॉबर्ट आणि सर्सीचा सीन. दोघं दारू पितायत, सतरा वर्षांचा संसार, कधी प्रेम होतं का हे एकमेकांना विचारतायत, आणि दोघंही थकलेले आहेत. हा पुस्तकात नाहीच. एपिसोड वेळेत कमी भरत होते म्हणून असे काही सीन नंतर लिहिले गेले, दोन माणसं आणि एक खोली, सगळ्यात स्वस्त प्रकार. माझ्या मते हा अख्ख्या सिरीजमधल्या पहिल्या पाच सीनमध्ये येतो.

लढाया तर हव्यातच ना? चांगली लढाई कशाला म्हणायचं?

हव्यातच, मी काही साधूसंत नाही. चांगल्या लढाईत तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: कोण कुठे उभा आहे, कोणाला काय हवंय, आणि हरलो तर काय जाणार. सहाव्या सीझनमधली जॉन आणि त्याचा शत्रू रॅमझीची लढाई घ्या, दिग्दर्शक मिगेल सपोचनिक. प्लॅन काय होता ते आदल्या रात्री टेबलावर दाखवलंय, आणि रॅमझी जॉनच्या कैदेतल्या धाकट्या भावाला मैदानात पळायला लावून तो प्लॅन पाच मिनिटांत मोडतो, कारण जॉन भावासाठी धावणार हे त्याला माहीत आहे. मग जॉन माणसांच्या ढिगाऱ्याखाली गुदमरतो तो भाग, वर माणसं चढतायत, आवाज बंद होत जातो, उजेड एका फटीएवढा. हा मूळ स्क्रिप्टमध्ये नव्हता, शूटिंगचे दिवस हातातून चालले होते, ठरलेलं सगळं होणार नाही म्हटल्यावर सपोचनिकने हा सुचवला. त्यापेक्षा खरी लढाई मी टीव्हीवर बघितलेली नाही.

आणि पाचव्या सीझनचा आठवा एपिसोड, हार्डहोम. सगळं संपल्यावर नाइट किंग, म्हणजे मेलेल्यांच्या सैन्याचा राजा, धक्क्यावर येतो, होडीतल्या जॉनकडे बघत दोन्ही हात हळूहळू वर उचलतो, आणि आत्ता मेलेली माणसं निळे डोळे उघडून उभी राहतात. म्युझिक नाही. नुसतं पाणी आणि वारा, ते तसंच पुढे क्रेडिट्सवर जातं. आमच्याकडे तेव्हा पाऊस चालू होता आणि खूप वेळ कोणी काही बोललंच नाही.

याउलट आठव्या सीझनमधली मेलेल्यांच्या सैन्याशी लढाईची मोठी रात्र, ८२ मिनिटांचा एपिसोड, ५५ रात्री शूटिंग, तोच सपोचनिक, मेहनत बघून हात जोडावेसे वाटतात. पण एक तर अंधार इतका की बऱ्याच लोकांना काही दिसलंच नाही, आणि दुसरं म्हणजे दहा वेळा वाटलं की हा आता गेला, ही गेली, आणि कट झाल्यावर ते परत उभेच. किंमत कोणी भरलीच नाही, म्हणजे भरली पण ज्यांनी भरायला हवी होती त्यांनी नाही. तरी डनेरिसच्या डोथराकी घोडेस्वारांच्या पेटत्या तलवारी लांब अंधारात एकेक करून विझत जातात तेवढा तुकडा परत परत बघावा असा आहे.

हिंदी डब बघू की सबटायटल लावून?

जे जमेल ते बघा, आजीला घेऊन बसायचं असेल तर डबच बरं. पण पर्याय असेल तर माझं मत मूळ आवाज आणि सबटायटल, आणि त्याचं कारण तिसऱ्या सीझनचा चौथा एपिसोड. डनेरिस गुलामांचा व्यापार करणाऱ्याकडून सैन्य विकत घेतेय, तो माणूस त्याच्या भाषेत तिला घाण घाण शिव्या देतोय आणि त्याची दुभाषी मिसांडेई त्याचं गोड भाषांतर करून सांगतेय, असं कित्येक सीन चाललंय, आपल्याला सबटायटलमुळे दोन्ही कळतं आणि डनेरिसची कीव येते. मग सौदा होतो, सैन्याचा चाबूक तिच्या हातात येतो, आणि ती त्याच्याच भाषेत बोलायला लागते. ही तिची मातृभाषा. प्रत्येक शिवी तिला कळत होती. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो ते बघण्यासारखं आहे! आता सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा घातली तर हा सीन उरतो कुठे?

या भाषा नुसती बडबड नाहीत, डेव्हिड पीटरसन नावाच्या भाषातज्ज्ञाने डोथराकी आणि व्हॅलिरियन व्याकरणासकट तयार केल्या, व्हॅलिरियनचा तर ड्युओलिंगोवर कोर्स आहे. भाषा खरी असली की बोलणारा माणूस खरा वाटतो, आपल्याला मालवणी किंवा वऱ्हाडी चार शब्द ऐकले तरी माणसाचं गाव कळतं, तसंच.

नावं लक्षात राहत नाहीत, कोण कोणाचा कोण कळत नाही.

पहिले तीन एपिसोड कोणालाच कळत नाही. माणूस घराण्याने लक्षात ठेवा, नावाने नंतर. गेम ऑफ थ्रोन्सचं सुरुवातीचं टायटल स्किप करू नका, नकाशावर ज्या जागा उभ्या राहतात त्या त्या एपिसोडप्रमाणे बदलतात. पण काही वेळा चूक खरंच सिरीजची असते. विचरच्या पहिल्या सीझनमध्ये तीन वेगवेगळे काळ एकत्र चालू आहेत आणि ते कोणी सांगतच नाही, पहिल्या एपिसोडमध्ये मेलेली राणी कलांथे चौथ्यात मेजवानी देताना दिसते तेव्हा माझ्या भावाने रिमोट ठेवून विचारलं, तायडे, ही जिवंत कशी? प्रेक्षकाला विचार करायला लावणं वेगळं आणि चकवणं वेगळं.

पुस्तकाशी प्रामाणिक राहिलं पाहिजे का?

शब्दाशी नाही, स्वभावाशी. गेम ऑफ थ्रोन्सच्या दुसऱ्या सीझनमध्ये नेडची मुलगी आर्या टायविनची पाणी वाढणारी पोर म्हणून राहते, ते पुस्तकात नाही, तिथे ती वेगळ्याच सरदाराकडे कामाला असते, पण तो बदल सोन्यासारखा आहे कारण दोघंही अगदी स्वतःसारखेच वागतात, तो हुशार आहे म्हणून त्याला संशय येतो आणि ती हुशार आहे म्हणून निसटते. रिंग्ज ऑफ पॉवरने हजारो वर्षांच्या घटना एका माणसाच्या आयुष्यात बसतील अशा दाबून टाकल्या, त्यावर चाहते खूप भडकले. मला स्वतःला तो बदल समजू शकतो, दर दोन एपिसोडला सगळी माणसं म्हातारी होऊन मेली तर सिरीज चालणार कशी. माझी तक्रार पहिल्या सीझनमध्ये लोकांच्या वागण्याला कारणं पातळ होती ही आहे. दुसऱ्या सीझनमध्ये खलनायक सॉरॉन आणि केलेब्रिंबोरची जोडी आली आणि सगळं बदललं. एक थोर कारागीर, त्याला आपलं नाव अमर व्हावं असं वाटतं, आणि समोरचा गोड बोलून त्याला त्याच्याच कारखान्यात डांबतो, बाहेर शहर जळतंय आणि याला खिडकीतून सगळं छान दिसतंय. मग त्याच्या लक्षात येतं की तोच उंदीर त्याच वाटेने पुन्हा पुन्हा पळतोय. उंदरावरून कळतं! एवढ्या कोट्यवधींच्या सिरीजमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो उंदीर.

शेवट एवढा का फसला?

गेम ऑफ थ्रोन्सचा म्हणताय. मूळ पुस्तकांचा लेखक जॉर्ज मार्टिन, त्याचं पाचवं पुस्तक जुलै २०११ मध्ये आलं, म्हणजे पहिला सीझन संपता संपता, आणि सहावं सिरीज संपेपर्यंत आलंच नाही. लेखकाचा रस्ता संपला आणि सिरीज बनवणाऱ्या बेनिऑफ-वाइसना शेवटाचा ठिकाणा माहीत होता पण मधला रस्ता स्वतः बांधायचा होता. बरं, सिरीज दाखवणारं चॅनेल एचबीओ जास्त एपिसोड करायला तयार होतं, यांनीच ठरवलं की आटपायचं. आधीचे सहा सीझन दहा-दहाचे, सातवा सातचा, आठवा सहाचा, एकूण ७३.

शेवटी डनेरिसने राजधानीचं शहर जाळलं याला माझी हरकत नाही, मनापासून सांगते. बिया पहिल्यापासून पेरलेल्या आहेत, भाऊ वितळलेल्या सोन्याने मरताना ती शांत उभी असते. पण त्या जागेपर्यंत चालत जायला तिला दहा एपिसोड हवे होते आणि मिळाले दोन. आपल्या डोळ्यांसमोर ती एकटी पडायला हवी होती, रोज थोडी थोडी. मे २०१९ मध्ये आठवा सीझन पुन्हा करा म्हणून १० लाखांहून जास्त लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या, मी केली नाही, पण त्यांचं दुःख मला कळतं. आठ वर्षं जीव लावलेला होता हो.

किती एपिसोड बघून सोडायची?

तीन. पहिल्यावरून ठरवू नका. गेम ऑफ थ्रोन्सचा पहिला पायलट, म्हणजे नमुन्याचा एपिसोड, २००९ मध्ये शूट झाला आणि इतका फसला की मित्रमंडळींना दाखवला तेव्हा जेमी आणि सर्सी बहीणभाऊ आहेत हेच कोणाला कळलं नाही, आणि गोष्ट तर तिथेच उभी आहे. मग जवळजवळ सगळा नव्याने शूट केला, डनेरिस आणि कॅटलिनच्या नट्या पण बदलल्या. व्हील ऑफ टाइमचं उलटं दुःख, पहिला सीझन कोविडमध्ये अडकला, महत्त्वाच्या एका नटाने मध्येच सिरीज सोडली, बघणारे लोक पण सोडून गेले. तिसऱ्या सीझनपर्यंत ती इतकी सुधारली की चौथा एपिसोड, ज्यात रँड काचेच्या खांबांमधून चालत आपल्या पूर्वजांच्या आयुष्यात एकेक पिढी मागे जातो आणि प्रत्येक पूर्वज तोच नट जोशा स्ट्राडोव्हस्की साकारतो, तो मी कुठल्याही सिरीजच्या बरोबरीने ठेवेन. आणि मे २०२५ मध्ये ती बंद केली. फार वाईट वाटलं. आपली प्रियांका बोस होती त्यात, अलाना, छान काम केलंय, निदान तेवढ्यासाठी तरी बघा.

म्युझिकचा एवढा काय फरक पडतो?

सहाव्या सीझनचा शेवटचा एपिसोड लावा, पहिली वीस मिनिटं. सगळे तयार होतायत, सर्सीच्या खटल्याचा दिवस आहे, आणि पियानो सुरू होतो. रमीन जवादीने तोपर्यंत या सिरीजमध्ये पियानो वापरलाच नव्हता. लोकांना नेमकं काय वेगळं आहे सांगता येत नाही, पण काहीतरी भयंकर होणार हे कानांना आधी कळतं.

मुलांसोबत बघता येईल का?

रिंग्ज ऑफ पॉवर, जरा मोठी मुलं असतील तर, लढाया आहेत. बाकीच्या चार अजिबात नाही.

आपलं महाभारत यात धरायचं का?

मी धरत नाही, ते आपल्यासाठी फॅन्टसी नाहीये, त्यात श्रद्धा आहे, घराघरातली उदाहरणं आहेत. पण ही कसोटी मी शिकले तिथेच. १९८८ पासून रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांचं महाभारत लागायचं, ९४ भाग, तांत्रिकदृष्ट्या आज साधं वाटेल, बाण हवेत भेटायचे आणि ठिणगी उडायची. पण भीष्माची प्रतिज्ञा, कर्णाने दिलेली कवचकुंडलं, द्यूतात लावलेला पण, एकेका शब्दाची किंमत पन्नास भागांनी वसूल होते. आणि त्यात पूर्ण चांगला असा कोणी नाही. मला वाटतं म्हणूनच आपल्याकडच्या लोकांना नेड आणि टिरियन समजायला अजिबात वेळ लागला नाही, घरात आधीपासून कर्ण आणि विदुर होते.

मराठीत अशी सिरीज का होत नाही?

पैसा हे कारण खरं आहे पण वर सांगितलं ना, सुरी, टेबल आणि दोन माणसं एवढ्यात पण जग उभं राहतं. आठवड्याला सहा भाग लिहायचे आणि टीआरपी बघून गोष्ट वळवायची या पद्धतीत मात्र ते होणार नाही, कारण पहिल्या भागात दिलेल्या वचनाचं शंभराव्या भागात काय करायचं हे आधी माहीत असावं लागतं. आठ-दहा भागांची, आधी पूर्ण लिहून काढलेली एक गोष्ट कोणीतरी करा, सह्याद्रीत धुकं फुकट मिळतं, किल्ले आहेत, देवराया आहेत. मी पहिल्या दिवशी बघेन.

मी काहीच बघितलेलं नाही, कुठून सुरू करू?

गेम ऑफ थ्रोन्सचे पहिले चार सीझन, सलग. मग हाउस ऑफ द ड्रॅगनचा पहिला सीझन, त्यात मध्ये दहा वर्षांची उडी आहे आणि नट्या बदलतात, गोंधळू नका. आणि त्याच्या आठव्या एपिसोडला फोन बाजूला ठेवा. राजा व्हिसेरिस मरायला टेकलाय, अर्धा चेहरा सडलेला, त्यावर सोन्याचा मुखवटा, आणि मुलीच्या बाजूने शेवटचं एकदा सिंहासनावर बसायला तो काठी टेकत दरबारात येतो. तो हॉल संपतच नाही. पहारेकऱ्याने हात दिला तर नको म्हणतो. पायऱ्यांपाशी डोक्यावरचा मुकुट पडतो, तो खरंतर सेटवर पॅडी कॉन्सिडाइनच्या डोक्यावरून चुकून पडला होता आणि तसाच ठेवला, आणि ज्या भावाला आयुष्यभर ते सिंहासन हवं होतं तो डेमन खाली वाकतो, मुकुट उचलतो, राजाला हाताला धरून वर बसवतो आणि मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवतो. आई तेव्हा मटार सोलत शेजारी बसली होती, तिने आधीचा एकही एपिसोड बघितला नव्हता, इंग्रजी पण तिला फार कळत नाही. तिने हातातली शेंग खाली ठेवली आणि विचारलं, भाऊ आहे ना गं तो त्याचा?